बोस्टनची सेमिनरी : बाक आणि खानावळ

अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट मंडळींना सुरुवातीची पन्नासेक वर्षं सेमिनरी नकोच होती. त्यांचा पाळक घोड्यावरून गावोगाव फिरणारा. खोगिराच्या पिशवीत बायबल, गीतांचं पुस्तक आणि वेस्लींची प्रवचनं. रात्र पडेल तिथं मुक्काम, उजाडलं की पुढच्या वस्तीवर उपासना. नव्या उमेदवारानं ज्येष्ठ पाळकाबरोबर हिंडावं, नेमून दिलेली पुस्तकं वाचावी आणि वार्षिक परिषदेपुढं परीक्षा द्यावी, एवढंच त्याचं शिक्षण. चार भिंतींत कोंडून, व्याकरण शिकवून पाळक तयार केले तर त्यांच्या अंतःकरणातला अग्नी विझेल, अशी भीती लोकांना मनापासून वाटत होती. ज्या जॉन वेस्लींच्या नावानं हे सगळं चाललं होतं ते स्वतः ऑक्सफर्डचे फेलो होते, ग्रीक शिकवत होते, याचा या मंडळींना जणू विसर पडला होता.

ही भीती बाजूला सारण्याचं धाडस २४ आणि २५ एप्रिल १८३९ रोजी बोस्टनच्या ब्रॉमफील्ड स्ट्रीट चर्चमध्ये जमलेल्या काही पाळकांनी आणि मंडळीतल्या गृहस्थांनी केलं. मेथॉडिस्टांची ईश्वरविज्ञानाची शाळा काढायचीच, असं त्या बैठकीत ठरलं. शाळा सुरू झाली ती व्हरमॉन्ट राज्यातल्या न्यूबरी या लहान गावात, तिथल्या विद्यालयाच्या आश्रयानं. आज बोस्टन विद्यापीठाचं स्कूल ऑफ थिऑलॉजी म्हणून जगभर माहीत असलेल्या सेमिनरीचं हे पहिलं बिऱ्हाड.

दुसरं बिऱ्हाड मिळालं ते दुसऱ्याच पंथाच्या औदार्यानं. १८४७ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कॉर्डच्या काँग्रिगेशनल मंडळीनं आपलं वापरात नसलेलं जुनं चर्च या शाळेला देऊ केलं. बाराशे माणसं बसतील एवढी ती वास्तू होती. तिच्यात वर्गखोल्या काढायचा खर्च गावातल्या इतर लोकांनी उचलला. अट एकच, निदान वीस वर्षं इथून हलायचं नाही. न्यू इंग्लंडमध्ये काँग्रिगेशनल मंडळी म्हणजे जुनी, शिकलेली, प्रतिष्ठित. मेथॉडिस्ट म्हणजे कालपरवा आलेले आणि बहुतेक कष्टकरी. अशा वेळी आपलं उपासनास्थान दुसऱ्यांच्या पाळकांना घडवण्यासाठी देणं ही साधी गोष्ट नव्हती. आपल्याकडं एका गावात तीन पंथांच्या तीन मंडळ्या असतात आणि नाताळची फेरीसुद्धा एकत्र काढणं जमत नाही, म्हणून ही हकिगत मला मुद्दाम सांगावीशी वाटते.

कॉन्कॉर्डच्या काळात संस्थेला आकार देणारं मोठं नाव जॉन डेम्पस्टर यांचं. घोड्यावरून फिरणाऱ्या जुन्या पठडीतले हे पाळक स्वतःच्या हिमतीवर शिकलेले होते आणि ब्वेनोस आयरेसला मिशनरी म्हणून काम करून आलेले होते. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसानं पाळकांना शिक्षण हवं म्हणून एवढा ध्यास घ्यावा, हे मला फार बोलकं वाटतं. आपल्याला काय मिळालं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पुढं ते पश्चिमेला गेले आणि शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला गॅरेट सेमिनरी उभी करण्यातही त्यांचा हात होता.

वीस वर्षांचा शब्द पाळून संस्था १८६७ मध्ये बोस्टनला आली. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, तिच्या विश्वस्तांपैकी तिघांनी राज्याच्या विधिमंडळाकडून विद्यापीठाची सनद मिळवली. आयझॅक रिच, ली क्लॅफ्लिन आणि जेकब स्लीपर ही त्यांची नावं. १८७१ मध्ये सेमिनरी या विद्यापीठाचा पहिला विभाग बनली. विद्यापीठानं धर्मशिक्षणाचा एखादा विभाग काढावा हा नेहमीचा क्रम. इथं सेमिनरीच्या पोटी विद्यापीठ जन्माला आलं. सनदेतलं एक कलम आजही वाचावं असं आहे. धार्मिक मतांवरून कुणा शिक्षकाची परीक्षा घ्यायची नाही आणि कुणा विद्यार्थ्याला प्रवेश नाकारायचा नाही, असं त्यात आहे. अपवाद फक्त ईश्वरविज्ञान विभागाचा.

रिच हे मासळीचे व्यापारी. केप कॉडच्या किनाऱ्यावरून गरिबीत बोस्टनला आलेले आणि तिथं गडगंज झालेले. जानेवारी १८७२ मध्ये ते वारले आणि आपली बहुतेक मालमत्ता विद्यापीठाला ठेवून गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बोस्टन शहराला भीषण आग लागली. रिच यांनी ठेवलेल्या इमारती एक सोडून सगळ्या जळाल्या आणि ज्या कंपन्यांकडं त्यांचा विमा होता त्याही बुडाल्या. देणगीचं मोल निम्म्यावर आलं. पुढची कित्येक वर्षं संस्थेला पैसा पुरला नाही, त्याचं एक कारण या आगीत आहे.

इमारतींचा इतिहास इथं थांबवतो. विद्यार्थ्यांकडं वळायचं तर १८७६ हे वर्ष धरावं लागेल. त्या वर्षी ॲना ऑलिव्हर या विद्यार्थिनीनं इथून पदवी घेतली. अमेरिकेतल्या सेमिनरीतून ईश्वरविज्ञानाची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. तिचं मूळ नाव वेगळं होतं. मुलीनं व्यासपीठावर उभं राहणं घरच्यांना लाजिरवाणं वाटेल म्हणून तिनं नाव बदललं होतं. त्याच वर्षी मिशिगनहून आणखी एक मुलगी दाखल झाली, ॲना हॉवर्ड शॉ. तिच्या वर्गात बेचाळीस तरुण आणि ती एकटी.

शॉनं पुढं आपल्या आत्मचरित्रात या दिवसांबद्दल लिहिलं आहे, आणि विद्यार्थिजीवनाचं इतकं खरं चित्र कुठल्याही अधिकृत अहवालात सापडणार नाही. उपदेशाचा परवाना असलेल्या मुलांना वसतिगृहात फुकट खोली मिळे. त्यांनी मिळून चालवलेली खानावळ होती, आठवड्याला सव्वा डॉलर भरला की दोन वेळचं जेवण. परवाना शॉकडंही होता. पण वसतिगृहात बाईमाणसाला जागा नाही आणि खानावळीतही नाही. बाहेर खोली घ्यायला म्हणून तिला आठवड्याला दोन डॉलर मिळत. तिनं ट्रेमॉन्ट स्ट्रीटवर, अनेक जिने चढून जावं लागे अशी माळ्यावरची खोली घेतली. जेवणाचं मात्र तिचं तिनं पाहायचं. एखाद्या मंडळीनं रविवारी प्रवचनाला बोलावलं आणि हातावर काही ठेवलं तर जेवण, नाहीतर दूध आणि बिस्किटं; आणि पुष्कळदा तीही नाहीत. बुटांना भोकं पडलेली, अंगावरचे कपडे विरलेले, वर बोस्टनचा हिवाळा.

एकदा तिनं एका मंडळीत आठवडाभर जागृतीच्या सभा घेतल्या. लोकांची मनं हलली, सभा गाजल्या. शेवटी पाळकांनी तोंडभर आभार मानले आणि द्यायला पैसे नाहीत म्हणून सांगितलं. ती बाहेर पडत असताना एका म्हातारीनं तिला थांबवलं. माझा नातू तुझ्यामुळं सुधारला, असं म्हणून तिनं पाच डॉलरची नोट तिच्या हातात कोंबली. आपण या सेवेसाठी खरोखर बोलावलेले आहोत का, या प्रश्नाशी शॉ त्या दिवसांत झगडत होती. उत्तर आलं ते त्या गरीब बाईच्या मुठीतून.

दुसरा प्रसंग जिन्यावरचा आहे. मेथॉडिस्ट स्त्रियांच्या परदेशी मिशनरी सोसायटीची कचेरी बोस्टनमध्ये होती आणि शॉ तिथं कामाला हातभार लावायला जाई. एक दिवस ते तीन जिने तिच्यानं चढवेनात. ती मध्येच पायरीवर बसली. सोसायटीच्या अधीक्षिकेनं तिला तसं पाहिलं, विचारपूस केली आणि ही मुलगी चक्क उपाशी आहे हे तिच्या लक्षात आलं. मग त्या बाईंनी तिच्यापुढं एक प्रस्ताव ठेवला. आपल्या ओळखीचं एक माणूस पदवी मिळेपर्यंत दर आठवड्याला साडेतीन डॉलर द्यायला तयार आहे. अट एवढीच की शॉनं बाहेरची कामं सोडून फक्त अभ्यास करावा. शॉनं ते स्वीकारलं. १८७८ मध्ये ती पदवीधर झाली.

सेमिनरीनं दार उघडलं होतं, यात शंका नाही. त्या काळात तेवढं करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण वर्गात बाक दिला आणि खानावळीत पान मांडलं नाही. ते पान मांडलं बायकांनी.

त्या बायकांच्या सोसायटीशी आपला थेट संबंध आहे. २३ मार्च १८६९ रोजी बोस्टनच्या ट्रेमॉन्ट स्ट्रीट चर्चमध्ये, वादळी पावसाच्या दिवशी, आठ बायका जमल्या. हिंदुस्थानातून परतलेल्या दोन मिशनरी पत्नींनी, क्लेमेंटिना बटलर आणि लोइस पार्कर यांनी, इथल्या स्त्रियांची अवस्था सांगितली. पडद्याआडच्या बाईपर्यंत पुरुष डॉक्टर पोचत नाही, पुरुष शिक्षक पोचत नाही; बायकाच पाठवायला हव्यात. त्या दिवशी सोसायटी स्थापन झाली. वर्षाला एक डॉलर वर्गणी, म्हणजे आठवड्याला दोन सेंट, आणि त्याच्या जोडीला प्रार्थना, एवढ्या भांडवलावर काम सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघी निघाल्या, शिक्षिका इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन. जानेवारी १८७० मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवलं ते मुंबई बंदरात. थोबर्नबाईंनी लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींची शाळा काढली, तिचं पुढं कॉलेज झालं. स्वेनबाईंनी बरेलीला स्त्रियांसाठी दवाखाना उभा केला. बरेलीत मुली औषधोपचार शिकत होत्या, लखनौत मुली अक्षरं गिरवत होत्या, त्याच काळात बोस्टनमध्ये त्याच सोसायटीच्या जिन्यावर सेमिनरीची एक विद्यार्थिनी भुकेनं थकून बसली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला पैसा पुरवणारी रमाबाई असोसिएशनही १८८७ मध्ये याच शहरात स्थापन झाली, हे मराठी वाचकांना माहीत आहेच.

पदवी मिळाली म्हणून दीक्षा मिळाली असं झालं नाही. १८८० मध्ये ऑलिव्हर आणि शॉ या दोघींनी पाळकीय दीक्षेसाठी अर्ज केला. मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या सर्वसाधारण परिषदेनं तो फेटाळला आणि स्त्रियांना आधी दिलेले उपदेशाचे परवानेही काढून घेतले. शॉनं त्याच वर्षी मेथॉडिस्ट प्रोटेस्टंट या लहान शाखेकडून दीक्षा घेतली. पुढं तिनं बोस्टन विद्यापीठातून डॉक्टरकीही पूर्ण केली आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या राष्ट्रीय संघटनेची ती १९०४ पासून अकरा वर्षं अध्यक्ष होती. ऑलिव्हर १८९२ मध्ये वारली, दीक्षेविनाच.

ज्या चर्चनं या दोघींना परत पाठवलं त्याला स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण हक्क द्यायला १९५६ साल उजाडावं लागलं. त्या लढ्यातला एक खंबीर आवाज जॉर्जिया हार्कनेस यांचा होता. १९२३ मध्ये त्यांनी बोस्टन विद्यापीठातूनच डॉक्टरेट घेतली होती. म्हणजे सेमिनरीनं पहिली पदवी दिली तेव्हापासून चर्चला ऐंशी वर्षं लागली. शिक्षणसंस्था पुढं आणि चर्च मागं, हे अंतर या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीतही तसंच झालं. जॉन वेस्ली एडवर्ड बोवेन हे १८५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी इथं ईश्वरविज्ञानाची पदवी घेतली आणि १८८७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढं अटलांटाच्या गॅमन सेमिनरीत त्यांनी आपल्या लोकांचे पाळक घडवले. बोवेन शिकत होते तेव्हा इथं बॉर्डन पार्कर बाऊन यांचं तत्त्वज्ञान घडत होतं. व्यक्ती हेच अंतिम सत्य, देव व्यक्ती आहे आणि म्हणून प्रत्येक माणसाचं व्यक्तित्व पवित्र आहे, हा त्याचा गाभा. या विचाराला पर्सनॅलिझम म्हणतात. १९०४ मध्ये बाऊन यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवून चर्चनं चौकशी केली आणि त्यांना निर्दोष सोडलं. हा विचार पुस्तकात राहिला असता तर त्याची इथं दखल घेण्याचं कारण नव्हतं.

१९५१ च्या सप्टेंबरात एक बाविशीचा तरुण हिरवी शेव्हरले गाडी चालवत बोस्टनला आला. मार्टिन ल्यूथर किंग, बाप्टिस्ट पाळकाचा मुलगा. बाऊन यांच्या परंपरेतले एडगर ब्राइटमन यांच्याकडं शिकायचं, म्हणून त्यानं हे विद्यापीठ निवडलं होतं. ब्राइटमन १९५३ मध्ये वारले, मग सेमिनरीचे हॅरल्ड डीवुल्फ यांनी त्याला मार्गदर्शन केलं.

खोली शोधण्याचा अनुभव त्यालाही आला. दारावर भाड्यानं देण्याची पाटी असे. हा दारात उभा राहिला, घरमालकानं रंग पाहिला, की खोली नुकतीच गेलेली असे. उत्तरेकडच्या, उदारमतवादी म्हणवणाऱ्या शहरातला हा अनुभव त्यानं पुढं जाहीरपणे सांगितला. शॉची माळ्यावरची खोली आणि किंगच्या तोंडावर मिटलेली दारं यांच्यात पंचाहत्तर वर्षांचं अंतर आहे. अखेर मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर त्याला आणि एका मित्राला मिळून जागा मिळाली. तिथं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं एक अभ्यासमंडळ जमू लागलं. एकानं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. संगीत शिकायला आलेल्या कोरेटा स्कॉटशी त्याची ओळख झाली ती १९५२ च्या सुरुवातीला, याच शहरात.

विद्यापीठाचं मार्श चॅपल तेव्हा नवंकोरं होतं, १९५० मध्ये समर्पित झालेलं. १९५३ मध्ये तिथं डीन म्हणून हॉवर्ड थर्मन आले. बहुसंख्य गोऱ्यांच्या विद्यापीठात या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. हेच थर्मन १९३६ च्या फेब्रुवारीत बार्डोलीला गांधीजींना भेटले होते. गांधीजींनी त्यांना अमेरिकेतल्या निग्रोंविषयी खोदून खोदून विचारलं होतं आणि त्यांच्याकडून त्यांची भक्तिगीतं म्हणवून घेतली होती. किंग थर्मन यांची प्रवचनं ऐके आणि त्यांच्या घरी बसून टेलिव्हिजनवर बेसबॉलचे सामनेही पाही. गुरुशिष्यांचा संबंध असा घरात बसूनही जुळतो.

जून १९५५ मध्ये किंगला डॉक्टरेट मिळाली आणि डिसेंबरात माँटगमरीचा बस बहिष्कार सुरू झाला. एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. त्याच्या प्रबंधात दुसऱ्यांचा मजकूर श्रेय न देता घेतलेला आहे, असं विद्यापीठानंच नेमलेल्या समितीनं १९९१ मध्ये सांगितलं. पदवी काढून घेतली नाही, पण निष्कर्ष नोंदवून ठेवला. आपल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याविषयीही खरं ते लिहून ठेवलं, याचा मला आदर वाटतो.

आता नागपूरकडं येऊ. जेम्स लॉसन हा तरुण मेथॉडिस्ट. कोरियाच्या युद्धात सक्तीच्या भरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला. सुटल्यावर १९५३ मध्ये तो मिशनरी म्हणून नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांना खेळ शिकवू लागला. सोबत गांधीजींचं वाचन आणि सत्याग्रहाचा अभ्यास. हिस्लॉप म्हणजे १८८३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेलं, विदर्भातल्या कित्येक पिढ्यांना शिकवणारं कॉलेज. तिथं असतानाच, १९५५ च्या डिसेंबरात, ‘नागपूर टाइम्स’मध्ये लॉसननं माँटगमरीच्या बहिष्काराची बातमी वाचली. सत्याग्रह समजून घ्यायला तो इथं आला होता आणि त्याच्याच देशात सत्याग्रह सुरू झाला होता. दुसऱ्या वर्षी तो परतला, किंगला भेटला आणि नॅशव्हिलला जाऊन विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचं रीतसर प्रशिक्षण देऊ लागला. शिवी ऐकून गप्प कसं बसायचं, मार खाताना डोकं कसं सांभाळायचं, शेजारच्याला कसं झाकायचं, सगळं तालमी घेऊन.

१९६० मध्ये या विद्यार्थ्यांनी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहांच्या बाकांवर बसकण मारली. लॉसन तेव्हा नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकत होता. विद्यापीठानं त्याला काढून टाकलं. त्याचं शिक्षण अर्धवट राहायची वेळ आली तेव्हा बोस्टनच्या सेमिनरीनं त्याला घेतलं आणि त्याच वर्षी त्यानं इथून पदवी पुरी केली. नागपूरच्या मैदानावर पोरांना खेळवणाऱ्या माणसाला शेवटचा बाक मिळाला तो इथं. जून २०२४ मध्ये तो वारला, पंचाण्णव वर्षांचा होऊन.

मार्श चॅपलसमोरच्या चौकात १९७५ पासून किंगच्या स्मरणार्थ एक धातुशिल्प उभं आहे. त्यात अमेरिकेच्या पन्नास राज्यांचे पन्नास पक्षी झेपावताना दिसतात. सेमिनरीची मुलं वर्गाला जाता-येता त्याच्याजवळून जातात. शनिवार-रविवारी त्यांच्यातली पुष्कळ आसपासच्या मंडळ्यांत उपासनेचं काम करतात आणि सोमवारी पुन्हा वर्गात असतात. घोड्यावरून फिरून शिकण्याची जुनी मेथॉडिस्ट रीत एवढी मात्र टिकून आहे.

ही स्मरणिका ज्यांच्या हातात पडेल त्यांना एक विनंती आहे. आपल्या मंडळीतून एखादा मुलगा, आणि विशेषतः एखादी मुलगी, सेमिनरीत शिकायला गेली असेल तर तिच्या प्रवेशाच्या बातमीवर समाधान मानू नका. तिच्या खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे दर महिन्याला कोण भरतं, हे येत्या वार्षिक सभेत नाव घेऊन विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.